दोन्ही हातांची नाडी

माझं अक्षर कुणाला दाखवण्यासारखं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, आणि त्यानंतर लिहिलं ते वाण्याचं सामान आणि रेशनच्या दुकानातली सही, एवढंच. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे शाळेतही कळत नव्हतं, आता तर नाहीच. हे वाचणार बहुतेक मी एकटीच. तरी चुकून दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याने सांभाळून घ्यावं. डॉक्टर जसे होते तसे मला कुठेतरी लिहून ठेवायचे आहेत. तोंडाने सांगायला गेले की मी अडखळते, ऐकणारे हसतात, आणि गोष्ट हसण्यावारी जाते.

नौपाड्यात त्यांच्या घरी मी भांडी, कपडे आणि वरकामाला जायचे. घरात माणसं दोनच. डॉक्टर आणि त्यांची मोठी बहीण. बहिणीला सगळे आक्का म्हणायचे. आक्कांचे यजमान लवकर गेले होते आणि डॉक्टरांनी लग्नच केलं नव्हतं. ते मेडिकल कॉलेजात शिकवायचे, पण पेशंट तपासणारे डॉक्टर नव्हेत. माणसाच्या शरीरातले बारीक तुकडे काचेवर घेऊन दुर्बिणीतून बघायचे, ते. मी गेले तेव्हा ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती.

पहिल्या दिवशी दार त्यांनीच उघडलं. मी हात जोडले. त्यांनी नमस्कार केला नाही. माझी दोन्ही मनगटं धरली आणि डोळे मिटले. परक्या पुरुषाने असा हात धरायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी हात ओढून घेतले आणि जिना उतरून रस्त्याला लागले. वरून गॅलरीतून आक्का ओरडल्या, "अगं थांब! तो सगळ्यांचेच धरतो! काल सिलेंडरवाल्याचे धरले!"

मी थांबले नाही. पण कामाची गरज होती, म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले. डॉक्टर आतल्या खुर्चीतून म्हणाले, "काल तुमची डावी अर्धवट राहिली." मी घाबरत दोन्ही हात पुढे केले. त्यांनी धरले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "उत्तम. दोन्ही सारख्या. या कामाला."

ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला, इस्त्रीवाल्याला, शेजारच्या तिसरीतल्या मुलीला. गॅलरीत मांजर यायचं, त्यालाही "अहो, उतरा तिथून" म्हणायचे. संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत फिरायला निघाले की त्यांना परत यायला फार वेळ लागायचा, कारण वाटेत सगळ्यांची मनगटं. इस्त्रीवाला त्यांना बघून इस्त्री बाजूला ठेवायचा आणि दोन्ही हात पुढे करायचा. फुलवाली म्हणायची, "हात ओले आहेत हां डॉक्टर." ओळखीचे रिक्षावाले लांबूनच ओरडायचे, "दोन्ही चालू आहेत साहेब!" तरी ते जवळ जाऊन बघायचेच. "एका हातावर विश्वास ठेवू नये," असं सगळ्यांना सांगायचे. लोक मान डोलवायचे. कुणाला त्याचा अर्थ कळत होता असं मला वाटत नाही. मलाही कळत नव्हता.

पडवळ ते स्वतः चिरायचे. बाकी भाज्यांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पडवळाची गोल चकती करून, बिया काढून, ती उजेडाकडे धरायची आणि मला दाखवायची. "ही आतली, ही मधली, ही बाहेरची. धमनीच्या भिंतीला असेच तीन थर. बघितलंत?" मी हो म्हणायचे. आक्का स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "बघून झालं असेल तर दे इकडे, आमटी खोळंबलीय." एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी जेवता जेवता ताटातली चकती उचलून धरली होती. त्या पाहुण्यांनी पडवळ बाजूला सारलं ते सारलंच.

पांढऱ्या पेशींबद्दल ते घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. कुणी शिकलेलं माणूस आलं आणि म्हणालं, "म्हणजे शरीराचे सैनिक ना?" की त्यांचा चेहरा पडायचा. "सैनिक म्हणू नका. सैनिकाला हुकूम असतो. परत फिर म्हटलं की तो फिरतो. यांना परत फिर म्हणणारा कुणी असलाच तर तोही त्यांच्यातलाच. आणि तो कधी कधी जागेवर नसतो."

एकदा मी उशिरा गेले. आक्कांनी कारण विचारलं. मी सांगितलं, आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमध्ये सकाळी गोंधळ झाला. कुणीतरी "चोर, चोर" ओरडलं. सगळ्या मजल्यांवरची माणसं जिन्यात आली. चोर नव्हताच, मीटर बघायला आलेला माणूस होता. तो केव्हाच निघून गेला, पण जिना भरलेलाच. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना खाली उतरायला वाट मिळेना आणि त्यांची रिक्षा थांबून थांबून निघून गेली.

डॉक्टर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "चोर नव्हता हे कळल्यावर माणसं घरी का गेली नाहीत?"

मी म्हटलं, "आल्यावर लगेच कोण जातं? बोलत उभी राहिली. ज्यांना माहीत नव्हतं ती, काय झालं, काय झालं, करत आणखी आली."

ते एवढे हसले की आक्का बाहेर आल्या. मग मला आतल्या खोलीत बोलावून दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. मला गुलाबी पट्टा आणि त्यात जांभळे ठिपकेच ठिपके दिसले. "हा तुमचा जिना," ते म्हणाले. "मोठ्या धमनीची भिंत आहे ही. भिंतीला रक्त पुरवायला तिच्या आणखी बारीक वाहिन्या असतात. त्यांतून, मागच्या दाराने, हे ठिपके आत आले. एका प्रकारच्या पेशी हाका मारतात. दुसऱ्या प्रकारच्या धावत येतात आणि समोर दिसेल ते खात सुटतात. इथे बघा, काहींची तर एकमेकींत मिसळून एकच मोठी पेशी झालीय. चोर कुठे आहे? मी आयुष्यभर शोधला. मला सापडला नाही." मग जरा थांबून म्हणाले, "उभे राहून राहून कंटाळले, म्हणून या लोकांनी जिन्यातच ओटा बांधला तर काय होईल?"

"वाट बंद होईल," मी म्हटलं.

"होते," ते म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्या बाईंच्या जिन्यात" अशी सुरुवात करून ते हे सांगायचे आणि मला तोंड कुठे लपवावं ते कळायचं नाही.

दुर्बिणीखालची ती काच कुणाची होती ते आक्कांनी सांगितलं. कॉलेजात नोकरीला लागल्यावर त्यांच्याकडे एका तरुण मुलीची धमनी आली होती, ती गेल्यानंतर. कागदपत्रांत वर्षभराच्या तपासण्या होत्या. प्रत्येक वेळी एकाच हाताची नाडी, एकाच हाताचं ब्लडप्रेशर. दुसरा हात कुणी धरलाच नव्हता. "तो म्हणतो, माझी माणसांशी ओळख होते ती ती मेल्यावर," आक्का म्हणाल्या. "रिटायर झाला आणि हे सुरू केलं. मी बोलणं सोडून दिलंय."

आता माझ्या मुलीचं सांगते. ती मला एकच. तेव्हा कॉलेज संपवून कळव्यात एका कपड्याच्या दुकानात लागली होती. कित्येक महिने तिला बरं नव्हतं. अंगात कसकस, वजन उतरलेलं, उठून उभी राहिली की चक्कर. कपडे पिळायला बसली की डावा हात भरून यायचा आणि ती अर्ध्यात सोडून द्यायची. केस विंचरतानाही हात खाली घेऊन बसायची. आमच्याजवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे पेशंटचं स्टूल भिंतीला लागून, त्यामुळे बसलं की डावाच हात टेबलावर यायचा. ब्लडप्रेशर बघायचे ते त्याच हाताचं. प्रत्येक वेळी कमी. "लो आहे. मीठ-साखरेचं पाणी पाजा, मीठ जरा जास्त खाऊ दे," असं सांगायचे आणि टॉनिक द्यायचे. मी रोज सकाळी ते पाणी करून तिच्यासमोर उभी राहायचे, संपेपर्यंत.

एक दिवस मी घराची किल्ली घेऊन कामाला आले, म्हणून ती नौपाड्याला घ्यायला आली. डॉक्टर दारातच होते. मी तिला त्यांच्याबद्दल सांगितलेलं, त्यामुळे ती हसत म्हणाली, "घ्या काका, दोन्ही," आणि हात पुढे केले.

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. डाव्या हातावरची बोटं जरा वर सरकवली, परत खाली आणली. एरवी ते सोडायचे त्यापेक्षा खूप वेळ त्यांनी हात धरून ठेवला. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी, काय झालं?"

"आक्का, माझं यंत्र," डॉक्टर म्हणाले. पाऱ्याचं जुनं यंत्र आलं. आधी डावा हात, मग उजवा. उजव्या हाताला पारा एवढा वर राहिला की त्यांनी परत बघितलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं ब्लडप्रेशर कमी आहे म्हणून?"

मी दवाखान्याचं सांगितलं. स्टुलाचं सांगितलं. मिठाच्या पाण्याचं सांगितलं.

ते रागावले नाहीत. खाली बसले. "तुमच्या जिन्याचं म्हणत होतो ना मी," ते म्हणाले, "तसं यांच्या डाव्या हाताला जाणाऱ्या मोठ्या धमनीत झालंय असं मला वाटतं. हाताला रक्तच कमी जातंय, म्हणून तिथे कमी दिसतं. बाकी शरीरात जास्त आहे. मीठ आजपासून बंद. आणि उद्या नाही, आत्ता जायचं."

ते स्वतः आमच्याबरोबर मोठ्या सरकारी दवाखान्यात आले आणि रांगेत उभे राहिले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी नीट बघितलं. रंग टाकून काढायचा एक स्कॅन लागणार होता. तिथलं मशीन बंद होतं, म्हणून बाहेर करावा लागला. तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते. डॉक्टरांनी भरले. मी म्हटलं, "मी फेडीन." दुसरं कुणी असतं तर राहू दे म्हणालं असतं. ते म्हणाले, "बरं." आणि दर महिन्याला मी पगारातले थोडे परत द्यायचे तेव्हा ते खिशात घालायचे. आक्कांना ते आवडायचं नाही. मला आवडायचं. त्यामुळे त्या घरात मला मान खाली घालून वावरावं लागलं नाही.

स्कॅनमध्ये त्यांनी सांगितलं तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी मुलीला समोर बसवून समजावलं, "या गोळ्या जिन्यातल्या सगळ्यांना घरी पाठवतात. पण खरा चोर आला तरी कुणी बाहेर येणार नाही, म्हणून ताप आला तर लगेच सांगायचं. आणि गोळी आपल्या मनाने एक दिवसही सोडायची नाही. ही गोळी जे काम करते ते एरवी थोडंफार तुमचं शरीर स्वतः करतं. आता ते निवांत झोपलंय. त्याला हळूहळू उठवावं लागतं." ती हो म्हणाली.

ताप गेला, चक्कर गेली. पण चेहरा फुगला, अगदी गोल झाला. गालांवर लव आली. दुकानातल्या पोरी तिला "ए लाडू" म्हणायला लागल्या. ती हसायची आणि घरी येऊन आरशाला पाठ करून बसायची.

त्यातच खडवलीचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं. माझ्या जावेने सांगितलं, आजाराचं आत्ता बोलू नका, औषध चालूच आहे, लग्नानंतर बघता येईल. मुलीच्या वडिलांनाही ते पटलं. मला पटलं नव्हतं, पण मी काही बोलले नाही. मी कुठेच बोलत नाही.

बघायला यायच्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन नौपाड्याचं काम उरकलं आणि आक्कांना खुशीत सांगितलं, "पोरीचा चेहरा बघा आता, पहिल्यासारखा झालाय. सूज पार उतरली. देवच पावला. फक्त टेन्शनने दोन दिवस उलट्या होतायत."

मी घरी पोचले. पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा. मुलगी ट्रे घेऊन बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला. मी समजले, लाजतेय. तेवढ्यात जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला आणि डॉक्टर दारात. घरातलाच सदरा, एका पायात चप्पल आक्कांची. नौपाड्यातून रिक्षाने पूल ओलांडून आलेले. आतल्या खोलीत त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं.

ते कुणाकडेही न बघता सरळ तिच्याकडे गेले. ट्रे तिच्या हातातून काढून मामांच्या मांडीवर ठेवला आणि तिची मनगटं धरली.

"गोळ्या कधी बंद केल्यात?"

मुलाची आई म्हणाली, "कसल्या गोळ्या?"

"एवढ्यात चेहऱ्याची सूज उतरत नाही," डॉक्टर त्या आईलाच म्हणाले. "गोळ्या हळूहळू कमी होत बंद व्हायला अजून कितीतरी महिने होते. चेहरा उतरला याचा अर्थ यांनी सोडल्या."

मुलगी रडायला लागली. "मला असं गोल तोंड घेऊन नव्हतं बसायचं," म्हणाली. आणि मग तिचे पाय गेले. मी धरलं म्हणून डोकं आपटलं नाही.

"एवढं आहे होय," मुलाची आई उठली. "आम्हाला सांगायचं तरी." मामांना ट्रे कुठे ठेवावा ते कळेना. डॉक्टरांनी त्यांना, "तुम्ही धट्टेकट्टे दिसता, ठेवा तो, यांना खाली उतरवायचंय," असं म्हटलं, आणि त्या भल्या माणसाने खरंच तिला उचलून रिक्षापर्यंत नेलं. ती माणसं परत आली नाहीत. त्यांचा फोनही आला नाही.

दवाखान्यात सलाईन आणि इंजेक्शनं देऊन तिला वाचवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळ झाली असती तर सांगता आलं नसतं.

मला हे सगळं कळत होतं. तरी माझा राग जाईना. बिल्डिंगभर झालं. जाऊ म्हणाली, आता कोण करणार हिला. मुलगी घरी आल्यावर मी नौपाड्याला गेले, खाली मान घालून भांडी घासली, आणि असे कितीतरी दिवस डॉक्टरांशी एक शब्द बोलले नाही. एरवीही मी फार बोलत नव्हते, त्यामुळे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

मग एक दिवस ते मोरीच्या दाराशी येऊन उभे राहिले. "तुम्ही रागावलाय असं आक्का म्हणते."

"नाही."

"पैसे बाकी आहेत म्हणून बोलत नाही का? पैसे हप्त्याने द्या. राग एकदम देऊन टाका."

माझ्या हातात घासणी होती. मी त्यांच्याकडे न बघताच बोलले. "बाजूला घेऊन विचारता आलं असतं. आतली खोली होती. पोरीची जात आहे. चार माणसांत असं कुणी विचारतं?"

एवढं लांब मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"आलं असतं," ते म्हणाले. "मला सुचलं नाही. मला हात दिसले की माणसं दिसत नाहीत. विचारलं ते बरोबर होतं. तिथे विचारलं ते चुकलं. तुमच्या घरी येऊन तुमच्या मुलीला मी असं सांगू का?"

मी म्हटलं, "नको, तुम्ही घरी नका येऊ." आणि मला हसू आलं, आणि त्यांनाही.

पण त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि खरंच सांगितलं. तिने काय उत्तर दिलं ते मला तिने सांगितलं नाही. त्यानंतर मात्र ती गोळीची वेळ स्वतः पाळायला लागली आणि दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागली. दोघं काय बोलायची कोण जाणे. तिच्या डाव्या मनगटाला नाडी परत आली नाही. मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बांधलेला ओटा गोळीने पडत नाही. नवा बांधू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात. बाजूच्या बारीक वाहिन्या वाट काढतात, त्यावर हात चालेल." हात चालतो. कपडे पिळताना मध्ये थांबावं लागतं, एवढंच.

डॉक्टर दिवाळीच्या जरा आधी गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. आक्का त्यांना चहाला उठवायला गेल्या तेव्हा कळलं. पैसे तोपर्यंत पुष्कळसे फिटले होते, पण सगळे नाही. जाऊ म्हणाली, आता कोण मागणार आहे. मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मुलगी मधेच म्हणाली, "मी देणार. स्कॅन माझा होता." तिला डोंबिवलीत चष्म्याच्या दुकानात काउंटरवर नोकरी लागली होती. गोळी आता अगदी छोट्या तुकड्यावर आली होती. चेहरा आपोआप, त्याच्या वेळेने, उतरला होता.

मागच्या महिन्यात तिने शेवटचे नेले. मी बरोबर होते. आक्का आता एकट्याच असतात. त्यांनी पाकीट बघितलं आणि हात मागे घेतला. "तो गेला. आता कसले पैसे आणतेस? ठेव तुला, एखादा ड्रेस घे."

"काका असते तर त्यांनी घेतले असते ना?"

"त्याने घेतले असते," आक्का म्हणाल्या. "त्याला कुठे काही वाटायचं?" आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मग घ्या."

त्यांनी पाकीट घेतलं आणि तसंच मांडीवर ठेवलं. मुलगी उभीच राहिली.

"मोजा ना आक्का."

आक्कांनी चष्मा लावला आणि एकेक नोट बाजूला ठेवत सावकाश मोजल्या. पूर्ण होते.